खंडेनवमीला विसरलेले आकडे

वैजयंतीच्या नाकावर राग असतो, हे बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात कोणालाही विचारा, हसत हसत सांगतील. वय सेहेचाळीस, लग्न केलं नाही, घरी म्हातारे वडील. पूर्वी ती एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिथं संस्थेतल्या कोणाच्या तरी भाच्याचे गुण वाढवायला सांगितले, तेव्हा हिनं जागच्या जागी राजीनामा लिहिला. तो लिहायला पाच मिनिटं लागली आणि छापायला अर्धा दिवस, कारण प्रिंटरमध्ये शाई नव्हती. शाई नव्हती याचाही तिला राग आला. असली बाई.

पण कामाला वाघीण. नोकरी सोडल्यावर तिनं घरच्या माडीवर टेबल मांडलं आणि केळी पिकवायच्या खोल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. बुऱ्हाणपूरची केळी शेतातून हिरवीच निघतात. त्यांना गारव्याच्या बंद खोल्यांत चार-पाच दिवस ठेवतात, मोजून गॅस देतात, मग ती एकसारखी पिवळी होऊन दिल्लीकडे जातात. कोणत्या खोलीत किती अंश थंडावा, किती तास गॅस, पंखा किती वेळ, हे सगळं पूर्वी माणसं वही-पेन्सिलीनं आणि अंदाजानं करत. वैजयंतीनं त्यासाठी एक सर्व्हर बसवून दिला. पडद्यावर आकडा घातला की खोली त्याप्रमाणे चालते. दापोऱ्याच्या रस्त्यावरच्या नंदकुमारशेठच्या केंद्रात सहा खोल्या होत्या. तिथं हे काम पहिल्यांदा लागलं, आणि ते बघून आणखी दोन केंद्रांची बोलणी सुरू झाली.

त्या केंद्रात कौतिकआप्पा होते. फोपनारचे, सत्तरीला टेकलेले. पस्तीस वर्षं केळी पिकवण्यात गेलेली. दाराच्या फटीला नाक लावून आत काय चाललंय ते सांगत. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे मात्र येत होते. सुरुवातीला त्यांनी त्या पडद्याकडे सवत बघावी तसं बघितलं. मग हळूहळू त्यांना गोडी लागली. दोन नंबरच्या खोलीला दीड अंश कमी कर, चारचा पंखा जास्त चालव, काळ्या जमिनीतला माल आला की गॅस सहा तास आधी बंद. दोन दिवस बघत, मग पुन्हा जरा हलवत. असं करत करत वर्षभरात त्यांनी सहाही खोल्या वळणावर आणल्या. त्या केंद्राच्या केळीचा रंग बघून बाकीचे व्यापारी विचारायला लागले की तुमच्याकडं पिकवतं कोण. नंदकुमारशेठ सांगायचे, "अपना सिस्टम है." आप्पांचं नाव कधी त्यांच्या तोंडून निघालं नाही. तेव्हाच वैजयंतीला राग यायला हवा होता. पण सिस्टीम तिची होती, तिला गोड वाटलं.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊनपुसून पुजतात आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. लोहाराचा भाता थांबतो, सुताराची करवत थांबते. त्याच्या आदल्या वर्षी या सर्व्हरला चालू असतानाच कुंकू लावलं होतं. या खेपेला नंदकुमारशेठच्या मनात आलं की असं कसं, वर्षभर राबलंय बिचारं, त्यालाही विश्रांती पाहिजे. खोल्यांचे कॉम्प्रेसर तासभर हातानं चालवले आणि सर्व्हर रीतसर बंद केला. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूची माळ घातली. तास उलटल्यावर पुन्हा चालू केला. पडदा उजळला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे दोन दिवस दसऱ्याची सुटी, आप्पाही गावी गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले ते दोन नंबरच्या दाराशीच थांबले. दार उघडायची गरज नव्हती. गोडसर, आंबूस वास बाहेर आला होता. केळी शिजली होती. वरून साल हिरवी आणि आत बोट घातलं तर लगदा. सहाही खोल्यांत तेच.

वैजयंतीला फोन गेला. ती स्कूटर हाणत पोचली तेव्हा केंद्राच्या फाटकात हमाल, ड्रायव्हर, माल घेऊन आलेले शेतकरी, अशी तीसेक माणसं उभी होती. पडद्यावर सहाही खोल्यांसमोर एकच आकडा होता. एकवीस. नंदकुमारशेठ आप्पांवर ओरडत होते, "एकवीस कोणी लावलं? तुमच्याशिवाय या पडद्याला हात कोण लावतं?"

"मी नाही लावलं शेठ. मले काय येड लागलं का एकवीस लावायले? माझी दोन नंबरची खोली साडेपंधरावर होती."

वैजयंतीनं तो आकडा बघितला आणि तिला एका क्षणात कळलं. एकवीस हा तिचा आकडा होता. सॉफ्टवेअर लिहिताना कोणत्या तरी कंपनीच्या पुस्तिकेतून उचलून तिनं तो फाइलीत घातला होता, सुरुवात करायला काहीतरी लागतं म्हणून. सर्व्हर चालू झाला की ती फाइल वाचायचा. आप्पांनी वर्षभर केलेले बदल मात्र यंत्राच्या चालत्या स्मरणात होते. ते कायमचे फाइलीत जायला पडद्याच्या कोपऱ्यातलं 'सेव्ह'चं बटण दाबावं लागे. ते कोणी दाबलंच नव्हतं. यंत्र बंद झालं, स्मरण पुसलं गेलं, आणि चालू झाल्यावर ये रे माझ्या मागल्या.

हे सगळं तिला कळलं, आणि तोंडातून काय निघालं? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"अहो, सेव्ह कोणी दाबलं नाही का?" ती सगळ्यांदेखत ओरडली. "वर्षभरात एकदाही नाही?"

संपलं. नंदकुमारशेठना हवं ते मिळालं. "सुना? मॅडम खुद बोल रही है. बटण दाबायचं होतं, आप्पांनी दाबलं नाही." हमालांत कुजबूज झाली. माल घेऊन आलेला कडू नावाचा शेतकरी म्हणाला, "म्हातारं माणूस, मशीनला हात लावायलाच नको होतं." आप्पांनी एकदा वैजयंतीकडं बघितलं. मग खांद्यावरचा रुमाल झटकला, चपला घातल्या आणि फाटकातून निघून गेले. त्यांना कोणी थांबवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि फाशीचा दोर हिनं विणून दिला.

दुपारी ती घरी आली ती फणफणत. वडिलांसमोर येरझाऱ्या घालत तिनं नंदकुमारशेठचा उद्धार केला. "सर्व्हर काय करवत आहे का, बंद करून पूजा करायला? काही अक्कल? मी लाइट जाण्याची सगळी सोय केली होती. इन्व्हर्टर, जनरेटर. महिनाभर रोज मेन स्विच पाडून बघितलं होतं, एकदा म्हणून एकदा बंद पडला नाही. आणि हे शहाणे हात जोडून बंद करतात!"

वडील गजानन मास्तर, आयुष्यभर गणित शिकवलेले. त्यांनी तिला पुरतं बोलू दिलं. मग देव्हाऱ्यापुढच्या पाटाकडं बोट दाखवलं. पाटावर त्यांची जुनी कंपासपेटी होती, आणि शेजारी वैजयंतीचा लॅपटॉप. झाकणावर सुकलेली हळद.

"हा नवमीला बंद होता ना?" त्यांनी विचारलं. "कोणी सांगितलं होतं तुला?"

दरवर्षी ती लॅपटॉप बंद करून पाटावर ठेवते. लहानपणी दप्तर ठेवायची. त्या दिवशी अवजार बंद असतं, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. म्हणजे गावात एक माणूस असं होतं ज्याला सॉफ्टवेअरही कळत होतं आणि खंडेनवमीही कळत होती. त्याच माणसाला हे सुचायला हवं होतं. नंदकुमारशेठना कुठून सुचणार?

तिची तळपायाची आग मस्तकात गेली, पण आता ती आग कोणावर काढायची हेच कळेना. तिनं माडीवर जाऊन सॉफ्टवेअरचं जुनं लिखाण उघडलं. बटणाच्या कामावर तिनं स्वतःच्या हातानं टीप लिहून ठेवली होती: कायमचा बदल माणसानं विचार करून करावा, म्हणून बटण वेगळं. ही टीप लिहिताना आपण स्वतःला किती शहाणे वाटलो होतो, ते तिला आठवलं. शाळेत मुलं उगाच काहीबाही दाबून ठेवायची, त्याचा तो धसका होता. आप्पांनी विचार केला नव्हता होय? दोन-दोन दिवस दारापाशी बसून, वास घेऊन, साल दाबून बघून तो माणूस अर्धा अंश हलवत होता. आणि हिनं त्यांच्या विचाराला एका इंग्रजी शब्दाच्या बटणाची अट घातली होती, ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांना. पडदा लगेच बदल दाखवायचा, खोली लगेच थंड व्हायची. मग ते लिहिलं गेलं नाही असं कोणाला वाटेल? यंत्र वर्षभर खोटं बोलत होतं, आणि ते खोटं बोलायला तिनंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती नंदकुमारशेठकडं गेली आणि चूक माझी आहे म्हणाली. शेठ घाबरले. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"मॅडम, ये बात बाहेर नको. त्या दोन केंद्रवाल्यांना कळलं की सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे, तर ते घेतील का? तुमचंच नुकसान. अन् म्हातारा तर तसाही वर्ष-दोन वर्षांत बसणारच होता. कोणाचं काय बिघडलं?"

वैजयंतीनं तोंड उघडलं असतं तर टेबलावरची काच फुटली असती. ती उठली आणि थेट फोपनारला गेली.

आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांची बायको भागाबाई दारात गहू पाखडत होती. तिनं वैजयंतीला बघितलं आणि सूप थांबवलं नाही. पाण्यालाही विचारलं नाही. आमच्या भागात दारी आलेल्या वैऱ्यालाही पाण्याचा तांब्या मिळतो. वैजयंती उन्हात उभी राहिली. तिला कोणी बस म्हणालं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचा राग आला नाही.

"आप्पा, चूक माझी होती," ती म्हणाली.

"ते मले मालूम आहे," आप्पा म्हणाले. "मले सांगायले कायले आली? मी तर होतोच तिथं." मग त्यांचा आवाज चढला. "वरीसभर मी तुह्या मशीनले शिकवलं. पोटच्या पोराले नाही शिकवलं तसं शिकवलं. अन् तू तिले इसरायले शिकवलं. वरून तीस माणसांत मलेच इचारते, बटन दाबलं का! कोणतं बटन? कधी दाखवलं होतं?"

"नाही दाखवलं."

"मंग?"

भागाबाई सुपावरची नजर न उचलताच म्हणाली, "दोन दिवस जेवले नाहीत ते. हमाल पोरं रस्त्यानं जाता जाता हसतात, आप्पा बटन दाबलं का म्हणून."

वैजयंतीला रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता. तिनं विचारलं, मी काय करू. आप्पांनी फार विचार केला नाही.

"जिथं बोलली तिथंच बोल. त्याच फाटकात, माल भरायच्या टायमाले, तेवढ्याच मोठ्यानं. मंग मी येतो. खोल्यांचे आकडे सारे माझ्या डोक्यात आहेत. पण त्याच्याआधी नाही देणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माल भरायची गडबड असताना ती फाटकात जाऊन उभी राहिली. नंदकुमारशेठ केबिनमधून हातवारे करत होते. तिनं तिकडं बघितलं नाही. "सगळे ऐका," ती ओरडली. आवाज तिला देवानं भरपूर दिला आहे. "आप्पांची काही चूक नव्हती. त्यांनी आकडे बरोबर घातले होते. माझं सॉफ्टवेअर ते आकडे लिहून ठेवत नव्हतं. बटण त्यांना मी दाखवलं नव्हतं. एकवीस हा आकडा माझा होता. केळी मी शिजवली. आता ज्याला हसायचंय त्यानं मला हसावं."

कोणी हसलं नाही. कडू शेतकरी मान खाली घालून दोरी आवळत बसला. दोन केंद्रांपैकी एकानं संध्याकाळीच फोन करून नको म्हणून सांगितलं. शेठ आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण सहा खोल्या आप्पांशिवाय कोणालाच वळणावर आणता येईनात, तेव्हा त्यांना बोलावणं धाडावंच लागलं.

मग वैजयंती कामाला बसली, आणि रागानं बसली. पहिलं काम, ते बटण काढून फेकलं. आकडा बदलला की त्याच क्षणी तो लिहिला जाईल, आणि लिहून झाल्यावरच पडद्यावर हिरवा ठिपका आणि 'लिहिलं' येईल, आधी नाही. लिहिताना जुन्या फाइलीला हात लावायचा नाही. नवी पूर्ण लिहायची, तपासायची, मगच जुनीच्या जागी ठेवायची. मध्येच वीज गेली तरी जुनी किंवा नवी, एक तरी अखंड मिळालीच पाहिजे, अर्धवट नको. तिनं सुचवलेले आकडे एका जागी आणि आप्पांचे दुसऱ्या जागी. पुढं सॉफ्टवेअर सुधारलं तरी तिचा हात फक्त तिच्या फाइलीला लागेल, आप्पांच्या नाही. आणि सर्व्हरला सुरू होताना खोलीचे आकडे सापडले नाहीत, तर त्यानं गुपचूप आपलं एकवीस लावून साळसूदपणे बसायचं नाही. भोंगा वाजवायचा. माणसाला बोलवायचं. सगळ्यात जास्त चीड तिला त्या गप्प बसण्याचीच होती, मग ते यंत्राचं असो की स्वतःचं.

आणखी एक गोष्ट तिनं केली. कोणताही जुना आकडा पुसला जाणार नाही. बदलला तर त्याच्या खाली राहील, तारखेसह, कोणी बदलला आणि का बदलला यासह. पंधरा दिवस ती आप्पांबरोबर खोलीखोलीतून फिरली. आप्पा आकडा सांगत, ती विचारी, का? सुरुवातीला ते वैतागले. "का म्हंजे? तसंच लागते." मग सांगू लागले, आणि ती त्यांच्याच शब्दांत लिहीत गेली. पस्तीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं.

या वर्षीची खंडेनवमी आली तेव्हा नंदकुमारशेठ म्हणाले की यंदा चालू असतानाच कुंकू लावू, रिस्क नको. आप्पा म्हणाले, नाही, बंद करायचं. हमाल, ड्रायव्हर, सगळे गोळा झाले. खोल्या भरलेल्या होत्या. वैजयंतीनं सर्व्हर बंद केला. चालू केला. सहा आकडे आले. आप्पांनी एकेक बोट ठेवून ते तपासले.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिनं पुन्हा बंद करून चालू केला. आकडे आले.

"आता चार नंबरचा पाव अंश खाली घे." तिनं घेतला. पडद्यावर हिरवा ठिपका आला न आला तोच आप्पांनी वाकून वायरच उपटली. कोणाला काही सांगणं नाही, विचारणं नाही. शेठनी कपाळाला हात लावला. आप्पांनी सावकाश दहापर्यंत मोजलं आणि वायर परत लावली. पडदा उजळला. चार नंबरला नवा आकडा होता, पाव अंश खालचा.

आप्पांनी कुंकवाची वाटी मागितली. मग थांबले. दोन नंबरच्या खोलीखालच्या ओळींकडं बोट केलं. "वाच बरं हे."

तिनं वाचलं. "साडेपंधरा. मागच्या भिंतीला तिसऱ्या प्रहरी ऊन लागते, म्हणून. सांगणार कौतिक, राहणार फोपनार."

"अन् तिच्या खाली?"

खाली सगळ्यात जुनी ओळ होती. तीच ओळ सहाही खोल्यांच्या तळाशी होती. शेठनी ती काढून टाकायला चारदा सांगितलं होतं, आणि चारही वेळा तिनं सांगितलं होतं की जुनी ओळ आता कोणालाच पुसता येत नाही, मलासुद्धा. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"एकवीस. हा आकडा चुकीचा होता. इथल्या कोणाला न विचारता लावला होता. लावणार वैजयंती, राहणार बुऱ्हाणपूर."

आप्पांनी बोट कुंकवात बुडवलं आणि यंत्राला टिळा लावला.

"राहू दे ते," ते म्हणाले. "भागाबाईनं तुले जेवायले बोलावलं आहे."